सोमवार पेलेल, एवढाच रविवार करा

अलीकडे आमच्या कोल्हापूर जिल्ह्यात एका नव्या खेळाचे वेड पसरले आहे. वेड हा शब्द मी कौतुकानेच वापरतो आहे. पूर्वी शनिवारी कचेरी सुटली की माणसे पिशवी घेऊन बाजारात जात, आणि रविवारी दुपारी तांबडा-पांढरा रस्सा ओरपून ताणून देत. आता त्याच वयाची, तशाच नोकऱ्या करणारी काही मंडळी सुट्टीच्या दिवशी अंधारात उठतात, उजाडताच तळ्यात उतरतात, ओल्या अंगानेच सायकलवर बसून महामार्गाला लागतात आणि परत आल्यावर घराची पायरी न चढता आणखी धावायला जातात. दुसऱ्या दिवशी पुन्हा धावणे असतेच. या खेळाचे नाव ट्रायथलॉन. पोहणे, सायकल आणि धावणे अशी तीन अंगे असलेली ही शर्यत मधे विश्रांती न घेता एका दमात पुरी करायची असते.

दवाखान्यात मला वरचेवर एक प्रश्न विचारला जातो. ‘डॉक्टर, आठवडाभर नोकरीमुळे सवड नाही. शनिवार-रविवार कसून सराव केला तर जमेल का?’ विचारणारे बहुधा चाळिशीतले असतात. कुणाला नुकताच रक्तदाब निघालेला असतो, कुणाचे पोट सुटलेले असते, कुणाच्या मित्राने पदक आणलेले असते. आजचा लेख या प्रश्नाच्या उत्तरासाठी आहे. माझे मत प्रथमच सांगून टाकतो. लांब पल्ल्याच्या शर्यतीसाठी शनिवार-रविवारचा मोठा सराव करावाच लागतो. पण आठवडाभराची थकबाकी त्या दोन दिवसांत वसूल करता येत नाही. सराव नेमका झाला की नाही, हे शनिवारी किंवा रविवारी कळत नाही. ते सोमवारी कळते.

हा खेळ आला कोठून?

पूर्ण अंतराच्या शर्यतीत ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि शेवटी ४२.२ किलोमीटरची मॅरेथॉन असते. हे सारे साधारण १७ तासांच्या आत संपवायचे असते. याची सुरुवात हवाई बेटांवर झाली. अमेरिकी नौदलातील अधिकारी जॉन कॉलिन्स यांच्या भोवतालच्या मंडळींत वाद चाले, की पोहणारा अधिक दमदार, सायकलवाला की धावणारा? तो वाद मिटवण्यासाठी तेथील तीन वेगवेगळ्या मोठ्या अंतरांची एकच शर्यत करण्यात आली. १८ फेब्रुवारी १९७८ रोजी १५ जणांनी सुरुवात केली आणि १२ जणांनी ती पुरी केली. पहिला आलेल्या गॉर्डन हॅलरला ११ तास ४६ मिनिटे ५८ सेकंद लागले. दुसऱ्या आलेल्या जॉन डनबारची गोष्ट मात्र आम्हा डॉक्टरांच्या कामाची आहे. वाटेत त्याच्या सोबत्यांजवळचे पाणी संपले, तेव्हा त्यांनी त्याला बिअर पाजली! आजच्या स्पर्धकाने इतके तरी शिकावे, की पाय कितीही मजबूत असले तरी खाण्यापिण्याची व्यवस्था ढिली असून चालत नाही.

आपल्याकडे या खेळाची चर्चा वाढली ती अभिनेते मिलिंद सोमण यांनी २०१५ साली, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, झुरिच येथील पूर्ण अंतर सुमारे सव्वापंधरा तासांत पार केल्यापासून. २०१९ च्या ऑक्टोबरात गोव्यात पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर अर्ध्या अंतराची शर्यत प्रथम झाली. तिच्यात १.९ किलोमीटर पोहणे, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणे असते. गोवा आम्हाला घाट उतरला की आलाच. त्यामुळे इकडच्या मंडळींना चेव आला, यात नवल नाही. जिथे खासबागचे मैदान आहे, जिथल्या वीरधवल खाडेने २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये पोहून दाखवले, तिथल्या मातीला कस लावणारा खेळ परका वाटत नाही.

दोन दिवसांचा दिनक्रम

गेल्या हिवाळ्यात अशा एका गटाबरोबर मी शनिवार-रविवार काढला. गटात पाच जण होते. एक बँकेतले अधिकारी, दोन शिक्षक, एक हार्डवेअरचे दुकानदार आणि एक परिचारिका. कुणाला गोवा गाठायचा होता, कुणाला परदेशातली पूर्ण शर्यत. मी मोटारीतून, म्हणजे कोरडाच, मागे होतो.

राजाराम तलावावर पोहोचलो तेव्हा थंडी चांगलीच होती. गटाचा एक नियम मला फार आवडला. दिसू लागल्याशिवाय आणि जोडीदार असल्याशिवाय पाण्यात उतरायचे नाही. प्रत्येकाच्या कमरेला भडक रंगाचा हवा भरलेला तरंगता फुगा बांधलेला होता. आमच्या पिढीने विहिरीत पाठीला डबा नाहीतर भोपळा बांधून पोहायला शिकले, त्याचीच ही सुधारलेली आवृत्ती म्हणायची. विहिरीत तयार झालेला गडी मान वर काढून दणादण हात मारतो आणि शंभर मीटरवर धापा टाकतो. लांब पोहायचे तर तोंड पाण्यात ठेवून संथ श्वास सोडावा लागतो. ते तंत्र तलावात शिकायला परवडत नाही. आधी तरणतलावात, शिकवणाऱ्याच्या नजरेखाली बसवावे लागते.

पोहून झाल्यावर सर्वांनी केळी खाल्ली आणि सायकली महामार्गाला लागल्या. पेठनाक्यापर्यंत जाऊन परत, म्हणजे नव्वदच्या आसपास किलोमीटर. दिवस गळीत हंगामाचे होते. उसाने फुगलेल्या ट्रॉल्या रस्त्याने चाललेल्या, त्यांपैकी कित्येकांना मागे दिवा नाही की लाल पट्टी नाही. गंमत म्हणून नव्हे, गांभीर्याने सांगतो. आमच्या भागात या खेळातला मोठा धोका धाप लागण्यात नसून या ट्रॉल्यांत आहे. सायकलला पुढे-मागे दिवा, डोक्याला शिरस्त्राण आणि अंगात दुरून दिसेल असा सदरा, यांवाचून कुणी पहाटे रस्त्यावर येऊ नये. कानात गाणी लावून तर मुळीच येऊ नये.

परतल्यावर बूट बदलून सारे लगेच वीस-पंचवीस मिनिटे धावले. सायकलवरून उतरल्यावर धावताना पाय जणू दुसऱ्याचे वाटतात. सायकलवर कंबर वाकलेली असते, ठरावीक स्नायूच एका लयीत फिरत राहतात. धावताना अंगाचा सारा भार पायांवर येतो आणि मज्जासंस्थेला एकदम लय बदलावी लागते. दहा-पंधरा मिनिटांत पाय मोकळे होतात. हे शरीराला शिकवून ठेवावे लागते आणि त्यासाठी शनिवारचा दिवस उत्तम.

रविवारी रंकाळ्याला फेऱ्या घालत दोन तास धावणे झाले, तेही गप्पा मारत. पाहणाऱ्याला वाटावे, ही कसली तयारी? परंतु लांब पल्ल्याचा सराव असाच असतो. धावताना पुरे वाक्य बोलता आले पाहिजे. बोलणे तुटू लागले तर वेग जास्त झाला. ज्याला प्रत्येक रविवारी शर्यत जिंकायची असते, तो खऱ्या शर्यतीच्या दिवशी बहुधा घरी गुडघा शेकत बसलेला असतो.

गटातल्या परिचारिका ताईंनी जाता जाता एक गोष्ट सांगितली. त्या म्हणाल्या, “डॉक्टर, ह्यांचा दिवस तळ्यावर सुरू होतो, माझा कणकेपासनं.” घरच्यांचे सारे करून त्या पाचला बाहेर पडतात आणि दुपारी कामावर हजर होतात. त्यांच्या सरावाचा हिशेब करताना ते श्रमही धरले पाहिजेत. शरीर घरकाम आणि व्यायाम असा भेद करत नाही. पुरुष मंडळींनी यावरून काय घ्यायचे ते घ्यावे.

पाणी, हृदय आणि अन्न

अमेरिकेतील ट्रायथलॉनमध्ये १९८५ ते २०१६ या काळात झालेल्या मृत्यूंचा आणि हृदय बंद पडण्याच्या घटनांचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. अशा १३५ घटना सापडल्या. त्यांपैकी ९० पोहताना घडल्या. सायकल किंवा धावणे जास्त दमवते, पण घात पाण्यात झाला. या व्यक्तींचे सरासरी वय ४७ च्या घरात होते आणि १०० पैकी ८५ पुरुष होते. ज्यांची शवचिकित्सा झाली त्यांतील ४४ टक्क्यांना हृदयाचा किंवा रक्तवाहिन्यांचा लक्षणीय दोष निघाला.

घाबरून जाऊ नका. हे प्रमाण लाख स्पर्धकांमागे दोनहूनही कमी आहे. पण चाळिशीनंतर प्रथमच या वाटेला जाणाऱ्याने त्याचा अर्थ नीट समजून घ्यावा. आपल्या लोकांत हृदयविकार पाश्चात्त्यांपेक्षा लवकरच्या वयात येतो. तेव्हा रक्तदाब, साखर, चरबी, हृदयाचा आलेख आणि डॉक्टर सांगतील तर पट्ट्यावर चालून होणारी तपासणी केल्याशिवाय कठोर सराव सुरू करू नये. वडिलांना किंवा भावाला कमी वयात झटका आला असेल तर हे अधिकच जरुरीचे. आणि पन्हाळ्याच्या चढावर छातीत दाटून आले, जबडा किंवा डावा हात दुखला, भोवळ आली, तर ‘पित्त असेल’ म्हणून पुढे पायडल मारू नये. तेथेच थांबावे, सोबत्याला सांगावे आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. पित्तच निघाले तर आनंद आहे.

आता खाण्याविषयी. आपले यकृत आणि स्नायू मिळून सुमारे ४०० ते ५०० ग्रॅम साखर साठवू शकतात. नेटाने दीड-दोन तास श्रम केले की ही शिदोरी संपत येते आणि मग माणूस एकाएकी गळून जातो. म्हणून लांब सायकलवर तासाला ३० ते ६० ग्रॅम पिष्टमय अन्न पोटात गेले पाहिजे. एका मध्यम केळ्यात २० ते २५ ग्रॅम असते. परदेशी पाकिटांवाचून अडत नाही. केळी, खजूर, राजगिऱ्याचा लाडू, गुळाची ढेप फोडून खिशात ठेवलेले खडे, लिंबू-साखर-मीठ घातलेले पाणी, यांवर उत्तम भागते. मात्र शर्यतीत जे खायचे ते सरावात खाऊन पाहावे. पोटालाही तालीम लागते.

पाण्याच्या बाबतीत दोन्ही टोके वाईट. कमी प्यायल्याने उष्णतेचा त्रास होतो हे सर्वांना ठाऊक आहे. अति प्यायल्याने रक्तातले सोडियम उतरते आणि त्यातून गुंगी, झटके, क्वचित मृत्यूही ओढवतो, हे फारसे ठाऊक नाही. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमधील ४८८ धावपटूंचे रक्त तपासले तेव्हा १३ टक्के जणांचे सोडियम कमी निघाले. शर्यतीत ज्यांचे वजन वाढले होते, त्यांना हा धोका सर्वांत जास्त होता. म्हणजे घामाने जेवढे गेले त्याहून अधिक पाणी त्यांनी पोटात भरले होते. सोपा उपाय सांगतो. लांब सरावाआधी आणि नंतर कमीत कमी कपड्यांत वजन करावे. एक किलो घटले तर सुमारे एक लिटर पाणी कमी पडले असे समजावे. थोडे घटणे ठीक आहे, वाढणे ठीक नाही. तहान लागेल तसे प्यावे.

गोव्याला जाणाऱ्यांसाठी आणखी एक सूचना. कोल्हापूरच्या पहाटेच्या गारव्यात केलेला सराव किनाऱ्यावरच्या दमट दुपारी अपुरा पडतो. उष्णतेची सवय व्हायला शरीराला १० ते १४ दिवस लागतात. शेवटच्या पंधरवड्यात काही बेताचा सराव उन्हे चढल्यावर करावा. धावताना कोणी असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला आणि अंग भाजत असेल, तर गाडीची वाट पाहत बसू नये. त्याला सावलीत घेऊन ताबडतोब गार पाण्यात बसवावे, नाहीतर भरपूर पाणी ओतत राहावे. आधी गार करणे, मग इस्पितळ.

सोमवारचा हिशेब

मागे एक गृहस्थ सोमवारी संध्याकाळी माझ्याकडे आले. वय चाळीसच्या पुढे. कामामुळे तीन आठवडे सराव बुडाला होता, तो त्यांनी एका शनिवार-रविवारी भरून काढला. मांड्या दुखू लागल्या म्हणून मध्येच वेदनाशामक गोळ्या घेतल्या, त्याही दोनदा. सोमवारी जिना उतरवेना आणि लघवी कडक काळ्या चहासारखी होऊ लागली. स्नायूंच्या पेशी फुटून त्यांतले द्रव्य रक्तात आणि तेथून मूत्रपिंडात उतरले होते. त्यात गोळ्यांनी मूत्रपिंडावरचा भार वाढवला. वेळेवर आले म्हणून काही दिवस सलाइन देऊन भागले. आणखी दोन दिवस ‘अंग दुखतंय, जाईल’ म्हणत बसते, तर गोष्ट डायलिसिसपर्यंत गेली असती. वाचकहो, व्यायामानंतर अशा रंगाची लघवी दिसली तर तासही दवडू नका.

सराव करताना शरीर बळकट होत नाही. तेव्हा ते झिजत असते. बळकटी येते ती नंतर, खाण्यातून आणि झोपेतून. गाढ झोपेत वाढीचे संप्रेरक अधिक प्रमाणात स्रवते आणि डागडुजी होते. ही गोष्ट आमच्या तालमींना प्रयोगशाळेवाचून ठाऊक होती. एक वयोवृद्ध वस्ताद माझे जुने रुग्ण. त्यांना या नव्या खेळाविषयी सांगितले तेव्हा म्हणाले, “डॉक्टर, नुसतं जोर मारून अंग हुतं व्हय? मारल्यालं जोर मुरायला लागत्यात. त्याला खुराक पायजे आन् झोप पायजे.” पहिलवान पहाटे मेहनत करतो, दुपारी थंडाई पिऊन निजतो, मग संध्याकाळी लढती करतो. आमचा नोकरदार शनिवारी शंभर किलोमीटर सायकल मारून दुपारी लग्नाला जातो, रात्री बारापर्यंत फोन पाहतो आणि रविवारी चारला उठतो. मेहनत वस्तादांची घेतली, विश्रांती तेवढी सोडून दिली!

यावर कोणी म्हणेल की, केवळ सुट्टीच्या दिवशी केलेला व्यायामही लाभतो असे संशोधन आहे. आहे, आणि ते खरे आहे. ब्रिटनमधील सुमारे ९० हजार लोकांच्या हालचाली मनगटावरच्या यंत्राने मोजून केलेला अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. आठवड्याचा दीडशे मिनिटांचा व्यायाम मुख्यतः एक-दोन दिवसांत उरकणाऱ्यांनाही हृदयविकारापासून तो रोज विभागून करणाऱ्यांइतकेच संरक्षण मिळाले. ज्याला निरोगी राहायचे आहे त्याने हे जरूर ध्यानात घ्यावे, आणि सुट्टीच्या दिवशी तरी चालावे. पण तो हिशेब अडीच तासांच्या व्यायामाचा आहे. सलग दहा-पंधरा तास चालणाऱ्या शर्यतीची तयारी वेगळी. तिथे मंगळवार ते शुक्रवार रोज पाऊण तास-तासभर अंग हलते ठेवावे लागते. तेवढे जमत नसेल तर त्या वर्षी लहान अंतराची शर्यत करावी. त्यात कमीपणा कसला?

आता थोडक्यात काही नियम सांगतो. हे कातरून ठेवले तरी चालेल.

१. सोमवारी सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी नाडी मोजावी. नेहमीपेक्षा ती आठ-दहा ठोक्यांनी जलद असेल, तर तो दिवस विश्रांतीचा.

२. बुडालेला सराव बुडाला असे समजावे. तो पुढच्या आठवड्यात मिळवू नये.

३. अंतर हळूहळू वाढवावे आणि दर तीन-चार आठवड्यांनी एक शनिवार-रविवार मुद्दाम हलका ठेवावा.

४. ताप असताना, किंवा तापातून उठल्या उठल्या, घाम गाळू नये. त्याने हृदयाच्या स्नायूला सूज येण्याचा धोका असतो.

५. वेदनाशामक गोळी खाऊन पोहू, धावू किंवा सायकल मारू नये.

६. शनिवारच्या रात्री किमान सात तास झोप. ती मिळणार नसेल तर रविवारचे अंतर निम्मे करावे.

शेवटी एक गोष्ट घरातल्या माणसांना सांगतो, कारण हा लेख तीही वाचत असतील. तुमच्या घरी कुणी अशी तयारी करत असेल तर त्याच्या घड्याळात किती किलोमीटर झाले ते विचारू नका. सोमवारी तो नीट जेवतो का, कामावर वेळेवर जातो का, पोरांवर विनाकारण खेकसतो का, जिना चढताना कण्हतो का, ते पाहा. हे सारे ठीक असेल तर तयारी उत्तम चालली आहे, त्याला पहाटेचा चहा करून द्यायला हरकत नाही. ठीक नसेल तर पुढच्या शनिवारी गजराचे घड्याळ लपवून ठेवा. तळे कुठे जात नाही, आणि गोवाही नाही.